यानाच्या टपावरचा टपकाका

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

यातला साष्टांग नमस्कार या खेपेला नुसती लिहायची रीत म्हणून नाही, बरं का. मी खरोखरच पालथा पडलोय. डोळ्याच्या सुटलेल्या पडद्याचं ऑपरेशन झालं, आत वायूचा एक बुडबुडा सोडला, आणि तो बुडबुडा पडद्याला टेकून राहावा म्हणून डॉक्टर पुढचं सांगेपर्यंत माझं तोंड जमिनीकडे. भाड्याने एक टेबल आणलंय, त्याला तोंडाएवढं भोक आहे. त्यातून मी दिवसभर फरशी बघतो. म्हणजे बघितली असती. ऑपरेशनच्या डोळ्यावर पट्टी आणि दुसरा डोळा लहानपणापासून शोभेचाच, हे तुला माहीतच आहे. फरशीचा रंगसुद्धा तुझ्या वहिनीला विचारावा लागतो. (करडा. ताई, मी मध्ये काही लिहिलं तर ते असं कंसात असेल. ह्यांच्या नावावर भलतं काही जायला नको.)

पाहिलंस? मी सांगतो आणि ती लिहिते, असं ठरलंय. बटणांच्या कारखान्यात तपासनीस असलेल्या बाईशी लग्न केलं की पत्रालासुद्धा तपासणी लागते. या घरातून कचऱ्याची पिशवीही ती एकदा उघडून बघितल्याशिवाय बाहेर जात नाही. (गेल्या वर्षी पिशवीत ह्यांचा चष्मा निघाला होता.)

फोनचं तुला कळलंच असेल. तुझ्या संग्रहालयातल्या त्या पेंढा भरलेल्या मगरीची गोष्ट तू फोनवर सांगितलीस, मी खदाखदा हसलो, आणि वहिनीने जाऊन डॉक्टरांना सांगितलं. आता तुझ्या फोनवर बंदी. पत्रं चालतील म्हणाले, कारण ती वहिनी वाचून दाखवणार. तिच्या वाचनाला आजवर कुणी हसल्याचं ऐकिवात नाही.

डोळ्याचं म्हणशील तर डॉक्टर काहीच कबूल करत नाहीत. बुडबुडा विरेल तसं दिसेल म्हणतात. किती दिसेल ते विचारलं की खोकतात. आणि माझा धंदा तर कवळ्या बनवायचा गं. माणसाच्या उरलेल्या दातांशी कवळीचा रंग जुळवायचा म्हणजे पांढऱ्यातले सतरा पांढरे ओळखावे लागतात, आणि ते काम डोळ्याशिवाय कुणाला सांगणार? एका प्राध्यापकांची वरची कवळी माझ्याकडे अर्धी राहिलीय. ते सध्या फक्त लेखी परीक्षा घेतात.

आता मुख्य गोष्ट. तू पाठवलेला ‘यान क्रमांक नऊ’ मालिकेचा संच पोचला. मला भरून आलं. (पाणी काढलं नाही. मनाई आहे.) तुला आठवतं ना, आपल्या टीव्हीला चित्र यायचं ते कुणीतरी वर जाऊन अँटेनाचा खांब धरला तरच. पत्र्यावर चढण्याइतका हलका मी एकटाच, म्हणून दर आठवड्याला तुम्ही सगळे आत आणि मी वर, खांब धरून. म्हणून तर माझं नाव खांब्या पडलं. सगळी मालिका मी झरोक्यातून ऐकली. काय दिसतंय ते तू खालून ओरडून सांगायचीस, आणि मी वर ते डोळ्यांपुढे आणायचो. जन्मात पहिल्यांदा ती बघायची संधी आली आणि मी पालथा!

वहिनी शेजारी बसून सांगणार आहे. कॅप्टनपेक्षाही मी वाट बघतोय ती टपकाकाची. सगळं यान आत चहा पीत बसलेलं आणि हा एकटा बाहेर टपावर तार धरून उभा. उल्का येवोत, वादळ येवो, हटायचा नाही. काही अवघड आलं की मी अजून त्याला आठवतो. ऑपरेशनच्या टेबलावरही त्यालाच आठवलं.

लोभ असावा, सध्या तो जमिनीच्या पातळीवर पाठव, लगेच पोचेल.

तुझा,
खांब्या


९ मार्च

चि. खांब्यास,
अनेक आशीर्वाद.

गधड्या, पालथं पडून एवढं लांब पत्र? वहिनीचा हात मोडायचाय का? आमच्याकडे सगळं ठीक आहे. मगरीवरून मात्र साहेबांनी पुन्हा बोलावलं होतं. या मगरीने एका मंत्र्याला बुटांसकट गिळलं, असं मी शाळेच्या सहलीला सांगितलं म्हणे. मी म्हटलं, साहेब, पाटीवर लिहिलंय ‘मगर, नदीतील’. एवढ्यावर पोरं दोन मिनिटंही थांबत नाहीत; मी बोलते तेव्हा बिचारी तिच्याशी हात मिळवून जातात. साहेबांनी हात टेकले.

मालिकेचं ऐकून फार बरं वाटलं. मी कामावरून दमून आले की तीच लावून बसते. बाहेर जगाचं काय चाललंय ते चालू दे, इथे कॅप्टन येतो, भुवई उडवतो, लाल बटण दाबतो आणि तासाभरात विश्व ठिकाणावर येतं. आपल्या कचेऱ्यांत असं एक तरी बटण बसवायला हवं होतं.

पण वहिनीला सांग, नुसतं दिसतं ते सांगू नकोस म्हणावं. दुसऱ्या भागातला तो चिखलाचा राक्षस आठव. सात तोंडं, प्रत्येक तोंडाला वेगळी भूक, आणि तो आला की चंद्र घाबरून मागे सरकतो. तसं सांगायला हवं. तिला म्हणावं, जरा हात हलव, आवाज चढव.

टपकाका येईल रे. मोठी माणसं उशिरा येतात. तू आपला डोळा सांभाळ. डॉक्टर खोकले म्हणून लगेच जीव टांगणीला लावू नकोस. त्यांना सर्दी झाली असेल.

माझा लोभ आहेच, तुला लहानपणापासून पुरून उरलेला.

तुझी,
ताई


१४ मार्च

ती. ताईस,
अजूनही साष्टांगच.

तुला एक तक्रार करायची आहे आणि ती जिच्याविरुद्ध आहे तिच्याच हाताने लिहून घ्यावी लागतेय. (लिहिते आहे. काही गाळलेलं नाही.)

ताई, या बाईच्या हातून विश्वाची काय दशा झालीय म्हणून सांगू! तुझा सात तोंडांचा चिखलाचा राक्षस आला. मी श्वास रोखून विचारलं, काय दिसतंय? म्हणाली, गोणपाट. मी म्हटलं, आणि तोंडं? म्हणाली, एक. पिंगपाँगच्या चेंडूचे दोन डोळे, त्यातला डावा निसटलाय. (उजवा. त्याचा उजवा, आपला डावा.) चंद्र मागे सरकला का, तर म्हणे चंद्र भिंतीला चिकटवलाय, तो कसा सरकेल. कॅप्टन माझ्या मनात ताडासारखा उंच होता. तो खोक्यावर उभा राहतो, असं कळलं. (खोक्याचा कोपरा चौथ्या भागात स्पष्ट दिसतो.)

तिला कॅप्टनची बटणं मात्र फार दिसतात. तो यानाच्या एका दारातून चंदेरी बटणांनी बाहेर पडतो आणि ग्रहावर तांब्याच्या बटणांनी उतरतो, म्हणून तिने यंत्र थांबवून तो तुकडा तीनदा लावला. विश्व बुडायला आलंय, आणि ही म्हणते, एवढा माल परत पाठवायला हवा होता. (हवाच होता.)

हसू नकोस, मलाही हसायची बंदी आहे. पण खरं सांगायचं तर आता मला धाकधूक लागलीय. मालिका निम्म्यावर आली आणि टपकाकाचा पत्ता नाही. उल्कांचा भाग होऊन गेला. त्यातच तर तो टोपी उलटी करून उल्का झेलतो! वहिनी म्हणते, यान दिसलं, उल्का दिसल्या, त्या बटाटे आहेत, टपावर कुणीही नाही. मी दोनदा बघायला लावलं. हा संच कापलेला तर नाही ना? दुकानदाराला विचारशील का?

तू म्हणशील, एवढं काय त्यात. पण ताई, दिवसभर पालथं पडलं की डोक्यात नाही नाही ते येतं. डोळ्याला दिसलंच नाही तर? प्राध्यापकांना काय सांगू? तेव्हा मी मनाशी म्हणतो, टपकाका वर उभा आहे, शेवटच्या भागात कॅप्टन सगळं यान वळवून त्याला न्यायला येतो, आपल्यालाही कुणीतरी न्यायला येईल. वेड्यासारखं आहे, पण त्यावर माझा दिवस निघतो. आणि ही म्हणते, असा माणूसच नाही.

लोभ असावा, आणि दुकानदाराला दम द्यावा.

तुझा,
खांब्या


१५ मार्च

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे. उत्तर कारखान्याच्या पत्त्यावर पाठवा.

सगळे भाग मी रविवारी एकटीने बघितले, शेवटचाही. हे झोपले होते, मी आवाज बंद ठेवला. टपावर माणूस नाही. पाहुणा म्हणून नाही, गर्दीत नाही, शेवटच्या नावांच्या यादीतही नाही. संच कापलेला नाही. भागांचे आकडे सलग आहेत. माझ्या तपासणीत चूक होत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हा टपकाका कोण, ते कृपा करून स्पष्ट कळवा.

दुसरं. शेवटच्या भागात यान कुणालाच घ्यायला परत येत नाही. सगळे आत बसतात आणि जातात.

ह्यांना आता दिवसातून थोडा वेळ बसायची परवानगी मिळाली आहे, पण डोळ्यापुढे पाणीच पाणी आहे म्हणतात. काल दाताचे नमुने मागून घेतले, हातात धरले, आणि परत दिले. काही बोलले नाहीत. हे काही बोलले नाहीत असं आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली तरी घडलं नव्हतं. मला भीती वाटते. मी ती दाखवत नाही, कारण दोघांनी दाखवून कसं चालेल.

ताई, मी नाही त्या वस्तूला आहे म्हणत नाही. पण शेवटचा भाग जवळ येतोय. काय करू?

आपली,
वहिनी


१९ मार्च

चि. सौ. वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी मी पोट धरून हसले, मग डोळे पुसले, मग परत हसले. मगरीपाशी उभी होते. लोकांना वाटलं मगरीने काही केलं.

अगं, टपकाका मालिकेत नाहीच. तो मी केला. पहिल्याच आठवड्यात खांब्या वरून ओरडायला लागला, की सगळ्यांना काम आहे, कॅप्टनला आहे, यंत्रमानवाला आहे, मग मी इथे काय नुसता खांब धरून उभा? खाली उतरतो म्हणाला. तो उतरला असता तर चित्र गेलं असतं, आणि चित्र गेलं तर सगळ्या घराने मलाच धरलं असतं. म्हणून मी ओरडून सांगितलं, थांब थांब, यानाच्या टपावरही एक माणूस आहे, तार धरून उभा आहे, त्याच्यामुळेच यान चाललंय! त्याने उतरायचं रद्द केलं. मग दर आठवड्याला त्याची चौकशी यायची. मला त्याला कामाला लावावंच लागलं. टोपीत उल्का काय झेलायचा, गाणी काय म्हणायचा, एकदा तर यानाच्या शेपटीवर चढलेल्या राक्षसाला त्याने वर्तमानपत्र वाचून दाखवून झोपवलं.

शेवटच्या भागाला थंडी मरणाची होती. यान निघालं आणि वरून रडका आवाज आला, टपकाका बाहेरच राहिला का? आता मी काय सांगणार होते, की तो कधी नव्हताच? मी कॅप्टनला परत पाठवला. कॅप्टन स्वतः शिडी चढून टपावर गेला आणि म्हणाला, आत ये, तुझ्यामुळे सगळ्यांना दिसलं. मग आईने खांब्याला खाली घेतलं आणि शेगडीपाशी बसवलं.

इतक्या वर्षांत तो त्याला एवढा धरून बसला असेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. नाहीतर मी हा संच कशाला पाठवला असता?

आता खरं सांगून टाकावं असं मला अजिबात वाटत नाही. डोळा उघडेपर्यंत तरी नाही. तू एक माणूस टपावर उभा कर. काय जातंय तुझं? बटणं तुला नाहीतरी दिसतातच, त्यांच्यामागे एक माणूस घाल. लोभ असू दे, आणि एकदाच काय ती थाप मार.

तुझी,
ताई


२४ मार्च

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

मला जमणार नाही, असं मी तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. ह्यांनी काल सांगितलं, की शेवटचा भाग लावू नकोस, ठेवून दे तो संच, आता त्यात गंमत नाही. म्हणून करावं लागणार.

तपशील कमी आहेत. टपकाकाची उंची किती? तार उजव्या हाताने धरतो की डाव्या? टोपीला कड आहे का? तुम्ही टोपीचं लिहिलंत, कोटाचं काहीच नाही. एवढ्या थंडीत माणूस कोटाशिवाय उभा राहणार नाही, म्हणून मी त्याला जाड करडा कोट दिला आहे. बटणं पाच, शिंगाची, चार भोकांची. प्लास्टिकची त्या थंडीत तडकली असती.

कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत सराव केला. माझ्या टेबलावरच्या बाईला वाटलं मला ताप आहे. हात हलवायचे म्हणजे नेमके कुठे हलवायचे, हे तुम्ही कळवलं नाहीत. अंदाजाने हलवेन.

शुक्रवारी संध्याकाळी लावते. काय होईल ते होईल.

आपली,
वहिनी


२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न., आणि हा उभ्याने.

अक्षर ओळखलंस का? माझं आहे! ओळी उताराला लागल्यात, त्यांना सांभाळून घे. डोळ्यात अजून तो बुडबुडा गवंड्याच्या पाणसळीतल्यासारखा डुगडुगतो. त्याच्या वर लख्ख दिसतं, खाली पाण्यासारखं हलतं. पण रेघ रोज खाली खाली जातेय, आणि काल डॉक्टर न खोकता म्हणाले की काम करता येईल. प्राध्यापकांना निरोप धाडलाय. ते फोनवर बरंच काही आनंदाने बोलले. शब्द कळले नाहीत.

आता शुक्रवारचं सांगतो, पण हे तुझ्या-माझ्यात. म्हणूनच आज स्वतः लिहितोय, आणि स्वतःच जाऊन पेटीत टाकणार आहे.

त्या दिवशी सकाळपासूनच माझ्या डोळ्याच्या वरच्या अंगाला उजेड यायला लागला होता. मी कुणाला बोललो नाही. म्हटलं, पुन्हा गेला तर? दुपारपर्यंत खिडकीची वरची चौकट दिसली, मग कपाटाचा माथा. वहिनीला सांगून चकित करायचं, असं ठरवून खुर्चीत बसलो, तेवढ्यात तिने शेवटचा भाग लावला आणि टीव्हीशेजारी उभी राहिली. परीक्षेला उभी राहावी तशी. मग घसा साफ करून म्हणाली, की टपावर एक माणूस आला आहे.

ताई, मला टप स्वच्छ दिसत होता. चित्राचा वरचा अर्धा भाग म्हणजे नेमका टपच. त्यावर कुणी नव्हतं. ज्या दोऱ्याने यान वरून टांगलं होतं तो दोरासुद्धा मला दिसला, आणि त्याची गाठ. मला काय ते एका क्षणात कळलं. तू ना, थापांतून मगरीलाही सोडायची नाहीस!

तुझ्यावर ओरडणारच होतो, पण वहिनीकडे लक्ष गेलं. महिनाभर मी तिची पावलंही पाहिली नव्हती, नुसत्या सपातांचा आवाज ऐकत होतो. ती हात हलवत होती, रहदारीच्या पोलिसासारखे, एकदा उजवा, एकदा डावा. म्हणाली, त्याने तार उजव्या हातात धरली आहे, थंडी फार आहे, पण तो हलत नाही. करडा कोट, शिंगाची चार बटणं. नाक लाल झालं आहे, पण तो म्हणतो, माझं काही नाही, आत सगळ्यांना दिसतंय ना. कपाळावर घाम, कान लाल. जिने आयुष्यात एक खोटं बटण पुढे जाऊ दिलं नाही, ती माझ्यासाठी अख्खा माणूस पुढे ढकलत होती.

इकडे चित्रात यान सरळ निघून गेलं. लहान लहान होत ठिपका झालं. आणि ही सांगतेय, यान वळलं, परत आलं, कॅप्टन शिडी चढतोय, खोकं न घेता. कॅप्टन म्हणाला, आत ये, तुझ्यामुळे सगळ्यांना दिसलं. इथे तिचा आवाज चिरकला. लगेच म्हणाली, की कॅप्टनला सर्दी झाली आहे.

मी विचारलं, आला का तो आत? ती म्हणाली, आला. दार लावून घेतलं, कोट वाळत घातला, त्याला चहा दिला. हे तिचं स्वतःचं हं, तू शिकवलेलं नव्हे. मी मान खाली घातली आणि रडलो, मनाई असून. ती म्हणाली, पाणी काढू नका. मी म्हटलं, बरं.

दिसायला लागलं हे मी तिला दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. तिला वाटतं, शनिवारीच दिसायला लागलं. तसंच वाटू दे. तिला यातलं एक अक्षर कळवू नकोस, नाहीतर तुझा फोन मी स्वतः बंद करवीन.

लोभ आहे तसाच ठेव. वरून खाली ओरडून सांगायची आता गरज नाही.

तुझा,
खांब्या

(हे पाकीट ह्यांच्या कोटाच्या खिशात होतं. तपासल्याशिवाय या घरातून काही बाहेर जात नाही. मी वाचलं, हे ह्यांना कळवू नका. बाकी सगळं बरोबर आहे. बटणं मात्र पाच होती.)